पाटीवर नसलेलं गाव

त्या पाटीवर अजूनही 'मातृका, पश्चिम भारत, अकरावे शतक' एवढंच लिहिलेलं आहे. मागच्या दिल्लीच्या खेपेला मी मुद्दाम वाट वाकडी करून संग्रहालयात गेले आणि डोळ्यांनी बघून आले. म्हटलं, एवढ्या वर्षांत कुणाला तरी लाज वाटली असेल. कसली लाज? काच नवीन होती, दिवा नवीन होता, पाटीची अक्षरंसुद्धा नवीन होती. मजकूर तोच.

पश्चिम भारत म्हणजे काय हो? उद्या माझ्या दारावर कुणी 'आशिया' अशी पाटी ठोकली तर पोस्टमनने पत्र कुठे टाकायचं? हा प्रश्न माझा नाही, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरमालकांचा आहे. ते आता नाहीत, पण त्यांचा राग बराचसा माझ्याकडे राहिला आहे. माझा स्वतःचा काही कमी नव्हता, त्यात ही भर.

त्यांना सगळा मोहल्ला आबा म्हणायचा. लग्नानंतर मी धुळ्याहून जळगावला आले, तेव्हा पिंप्राळ्यात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. मिळाल्या म्हणजे मुलाखत घेऊन मिळाल्या. मिस्टरांना त्यांनी काहीच विचारलं नाही. मला विचारलं, "तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"विज्ञान."

"म्हणजे चित्रकलेचे तास खाणाऱ्यांपैकी."

मी तिथल्या तिथे उठणार होते. मिस्टरांनी माझा पदर धरला म्हणून खोली मिळाली.

आबा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. सगळा जन्म रागावण्यात घालवलेला माणूस निवृत्त झाला की त्याला रागवायला घरची माणसं पुरत नाहीत. आबांची तर बायकोही वारलेली, मुलगा सुरतेला. म्हणूनच त्यांनी भाडेकरू ठेवले असावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्यांच्या अटी अशा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर लावायचं नाही, देवाचं तर मुळीच नाही, कारण कॅलेंडरवरच्या देवांचे हात कोपरातून मोडल्यासारखे असतात आणि अशा देवाला नमस्कार करणं आबांना पाप वाटायचं. आणि त्यांच्या घरात 'छान' हा शब्द उच्चारायचा नाही.

ही तिसरी अट मला कुणी सांगितली नव्हती. राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या बैठकीतल्या एका चित्राकडे बघून सौजन्य म्हणून "छान आहे" म्हणाले. आबा खुर्चीतून उठले.

"छान? छान तर वांग्याची भाजीपण असते. काय दिसलं ते सांगा."

"राणी बसलीय खिडकीत."

"कशी बसलीय?"

"बसलीय ती बसलीय. आबा, माझं दूध आहे गॅसवर."

"दूध उद्या परत येईल. ती का बसलीय, ते सांगून जा."

मी सांगितलं नाही, पण तोंडातोंडी व्हायला तेवढा वेळ पुरला. दूध उतू गेलं, शेगडी विझली, आणि मी पदर खोचून परत गेले आणि त्यांना सांगितलं, की दुधाचा रतीब तुमच्या घरचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उंबऱ्यावर झाकून ठेवलेला दुधाचा लोटा होता. मला वाटलं, म्हातारा वरमला. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "मग? का बसलीय?"

पुढे कधीतरी मी तशी उभी राहून बघायला लागले हे खरं. पण ते त्यांच्या रागाला भिऊन नाही. उत्तर न देता सुटका होत नव्हती म्हणून.

शाळेने त्यांचं काय केलं होतं, ते ऐकलं की मात्र माझंच डोकं फिरायचं, कारण मी शाळेतली आहे आणि मला माहीत आहे की ते सगळं खरं असणार. सहामाही जवळ आली की त्यांचा तास गणिताला. वार्षिक जवळ आली की त्यांचा तास इंग्रजीला. चित्रकलेच्या खोलीत मोडके बाक आणि स्नेहसंमेलनाच्या ताडपत्र्या. वर्षभर या माणसाची आठवण कुणाला नाही, पण कुणी पाहुणा यायचा असला की "सर, जरा फलक लिहून द्या, सर, दारात रांगोळी काढा, सर, प्रमाणपत्रांवर नावं टाका." एकदा संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी आपल्या स्वर्गवासी वडिलांचं मोठं तैलचित्र काढायला सांगितलं. आबांनी महिनाभर मेहनत घेऊन काढलं. वडील जसे होते तसे, डाव्या डोळ्याने तिरळे. अनावरणाच्या वेळी पडदा दूर झाला आणि टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. चेअरमन म्हणाले, "अहो, डोळा सरळ करायला काय झालं होतं?" आबा म्हणाले, "ते तुमच्या आजोबांनी बघायचं होतं."

पगारवाढ अडली. डोळा तसाच राहिला. चित्र आजही शाळेच्या हॉलमध्ये आहे, फक्त हार असा घालतात की डावी बाजू झाकली जाते.

अशा माणसाची एकच मौज होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगाव स्टेशनवर दिल्लीची गाडी पकडायची, आणि दिल्लीला गेल्यावर एकच जागा बघायची, ते मोठं संग्रहालय. लाल किल्ला त्यांनी जन्मात पाहिला नाही. रस्त्यात लागतो म्हणे, पण मान वळवली नाही. फडक्यात कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा, आणि रोज सकाळी दार उघडण्याआधी पायरीवर हजर. संध्याकाळी शिपाई हाकलेपर्यंत आत. परत आले की आठवडाभर आम्हाला त्याची शिक्षा. मी अंगणात धुणं वाळत घालत असले तरी ते समोर उभे राहून सांगायचे.

"काशाची पोरगी आहे बाई, वीतभरसुद्धा उंच नाही. पण उभी कशी! एक हात कमरेवर, हनुवटी वर. शेजारणीशी भांडून आलेली उभी राहते तशी. हजारो वर्षं झाली, तिचा राग उतरला नाही."

या पोरगीवर त्यांचा फार जीव. का, ते सांगायला नको. दक्षिणेतल्या नटराजाबद्दल ते म्हणायचे, की नाचतोय सगळं अंग, पण तोंड बघा, घरी निवांत बसल्यासारखं. बुद्धापुढे ते फार थांबत नसत. "तिथे रागावता येत नाही," म्हणायचे, "मग माझी पंचाईत होते." बारीक चित्रांच्या दालनात नखाएवढ्या खिडकीत बसलेल्या राण्या, त्यांच्या कानातले मोती, मोत्यावरचा उजेड. हे सगळं सांगता सांगता ते शेवटी एका मूर्तीपाशी यायचे, आणि तिथे आले की त्यांचा आवाज बदलायचा.

ती मूर्ती त्यांच्या गावची. आबांचं गाव एरंडोल तालुक्यात, अंजनी नदीच्या काठी. गावाबाहेर निंबाखाली गावची आई होती. आई म्हणजे शेंदराचा एक मोठा गोळा, त्याला चांदीचे डोळे. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चढत गेलेला, आत काय आहे कुणाला माहीत नाही, विचारायची पद्धतही नाही. अशा शेंदराचा थर फार जाड झाला की एखाद्या वर्षी तो आपोआप सुटून पडतो. आमच्याकडे म्हणतात, देवाने खोळ टाकली. मग ती खोळ वाजतगाजत नदीत सोडायची आणि नवा शेंदूर चढवायचा, अशी रीत.

आबा लहान असताना आईने खोळ टाकली. आत मूर्ती होती. काळ्या दगडाची बाई, कडेवर मूल, आणि आबांच्या शब्दांत, "आता बोलेल असं तोंड." सगळं गाव घाबरून लांब उभं. हा मुलगा मात्र मोठ्यांच्या पायांतून पुढे घुसला आणि बघतच राहिला. मोठा होऊन ब्रश हातात धरला तो त्या तोंडामुळे, असं ते सांगायचे. नवा शेंदूर चढायच्या आत बातमी एरंडोलला गेली आणि तिथून साहेब आला. इंग्रजांचं राज्य. साहेबाने टोपी काढली, गावाला समजावलं की हिला मोठ्या घरी नेतो, तुमच्या गावाचं नाव होईल. मूर्ती बैलगाडीत घातली आणि गेली. आधी मुंबईला, स्वातंत्र्यानंतर दिल्लीला. या ये-जा करण्यात गावाचं नाव कुठल्या गोदामात गळून पडलं, देव जाणे.

आणि गावाने काय केलं? गावाकडे खोळ राहिली होती. नदीत सोडायची होती ती सोडली नाही. निंबाखाली फळी ठेवून तिच्यावर ती आतून पोकळ खोळ उभी केली, चांदीचे डोळे होतेच, आणि पूजा चालू. नवस चालू, मुलांची जावळं चालू. गावातलं कुणीही सांगेल, आई इथेच आहे, दिल्लीला नुसता दगड गेला.

आबा या दोन्ही बाजूंवर सारखेच भडकलेले. दिल्ली रागाची धनी होती कारण तिला नाव लिहिता येत नव्हतं, आणि गाव होतं कारण त्याला काही नकोच होतं. गावात जाऊन ते भर पारावर ओरडायचे, "साल पूजता रे, साल! फळ तिकडे दिल्लीला!" गावकरी म्हणायचे, मास्तर, प्रसाद घ्या.

आर्ट स्कूलच्या सहलीला गेले असताना आबांना ती दिल्लीत दिसली होती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते तिच्यापुढे उभे राहायचे, आणि मग वरच्या मजल्यावर जाऊन भांडायचे. पाटीवर गावाचं नाव घाला. फार नाही, एक शब्द. साहेब बदलायचे, उत्तर बदलायचं नाही. नोंदीत नाही. नोंदीत नाही म्हणजे नाही. आबांचं भांडणही काही सरळ नसायचं, हेही सांगायला हवं. मूर्तीच्या नाकाची ठेवण आमच्या गावच्या पाटलिणींसारखी आहे, असा पुरावा ते द्यायचे. एका साहेबाला त्यांनी तुम्ही स्वतः कुठल्या शतकातले, असं विचारलं होतं. अशाने कुणाचं मन वळत नाही. पण मी म्हणते, नाही वळलं मन, तरी एक माणूस दरवर्षी भाकरी बांधून येतो, तो उगाच येतो का? चौकशी करायला एखादा कारकून एरंडोलला पाठवता आला नसता?

शेवटी एक जरा तरुण साहेब आला. तो म्हणाला, तुम्ही तेव्हा लहान होता, तुमचं म्हणणं धरता येणार नाही. पण मूर्ती गावात असताना जाणत्या वयात पाहिलेलं कुणी हयात असेल तर घेऊन या, ओळख पटली तर मी वर लिहितो.

असं एकच माणूस उरलं होतं. आबांची थोरली बहीण, अक्का.

अक्का गावातच राहायची. अंगाने लहानखुरी, काटक, नऊवारी लुगडं, तोंडात मिश्री. खोळ पडली तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि ती माहेरी आलेली होती. जन्मदाती आई लवकर वारल्यामुळे आबांना तिनेच वाढवलेलं. तिने जगात पद्मालयाची जत्रा आणि एकदा अमळनेर, एवढंच पाहिलं होतं. आबा तिला न्यायला गेले तेव्हा मी बरोबर होते.

"दिल्लीले काय शे?" अक्का म्हणाली.

"आपली माय शे."

"माय त आठेच शे."

आबांनी कपाळावर हात मारला. मग मागे लागले, रुसले, जेवले नाहीत. अक्काने शेवटी माझ्याकडे बघितलं. "हाई पोर संगे येत व्हई त मी येस." आमच्या मिस्टरांना रजा नव्हती, मला सुट्टी होती. म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर मला त्या साहेबाचं तोंड उतरलेलं बघायचं होतं.

संग्रहालयाच्या दारात पहिली खडाखडी झाली. अक्काने पायरीवर वहाणा काढल्या. शिपाई म्हणाला, "पहन लो अम्मा, ये मंदिर नहीं है." अक्काने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाजूला झाला. वहाणा तिने पिशवीत टाकल्या आणि त्या गार फरशीवरून अनवाणी चालत गेली. आबा पुढे पुढे, लग्नघरातल्या यजमानासारखे. हे बघ, ते बघ.

काशाच्या पोरगीपुढे अक्का थांबली. वाकून बघितलं.

"हाई पोर कोनवर चिडेल शे?"

आबा लहान पोरासारखे टाळ्या पिटायला लागले. "ऐकलंत बाई? ऐकलंत? आणि तुम्ही म्हणे, छान!" बुद्धापुढे अक्काने हात जोडले. नटराजाला बघून म्हणाली, दमतही नसेल का हा. मला वाटलं, जमलं. आता नाव लागतंय. माझ्या डोक्यात पाटी लिहूनसुद्धा तयार होती.

मग ते दालन आलं. तो तरुण साहेब एका कारकुनाला घेऊन आधीच येऊन उभा होता. मधोमध काचेच्या कपाटात, वरून सोडलेल्या दिव्यात, ती.

आबांनी तिच्याबद्दल मला इतकं सांगितलं होतं, तरी मी दचकले. काळ्या दगडाची उंच बाई. कमरेत किंचित वाकलेली, मुलाचं वजन एका कुशीवर घेतलेलं. गळ्यात हार, दंडात वाक्या, कमरेला मेखला, आणि बाकी अंगावर काही नाही, त्या काळच्या मूर्ती असतात तशी. मुलाचा हात तिच्या छातीवर. तोंड खाली झुकलेलं, त्याच्याकडे नाही, बघणाऱ्याकडे. आता बोलेल, हे आबांनी खोटं सांगितलं नव्हतं.

अक्का बघत राहिली. फार वेळ. तिचा हात आपल्याच पदराशी चाळा करत होता. मग ती आबांना म्हणाली, "तिनं लुगडं कोठे शे?"

"काय?"

"लुगडं. तिनं लुगडं."

"अक्का, तोंड दख. तोंड दख आणि सांग."

साहेबाने विचारलं, "क्या कह रही हैं?"

"काही नाही साहेब, कपड्यांचं विचारतेय," आबा घाईघाईने म्हणाले. कारकून हसला. साहेबही हसला, सभ्यपणे, रुमाल तोंडाला लावून. त्या हसण्याचा मला अजून राग आहे. कुणाच्या घरची म्हातारी इतक्या लांबून अनवाणी आलीय, आणि हे हसतायत.

मग साहेब वाकून, मोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं बोलला, "अम्मा, पहचानती हो इसको? आपके गाँव की है?"

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. मूर्तीकडे पुन्हा पाहिलं नाही.

"नही," ती म्हणाली. "हाई आम्हनी नही."

आबा ओरडलेच. त्या गार, शांत दालनात आमच्या अहिराणीतल्या ओरडण्याने परदेशी पाहुण्यांनी माना वळवल्या. "अक्का, काय सांगस तू? नीट दख! तू व्हतीस ना तठे?" शिपाई धावत आला. अक्का ढिम्म. साहेबाने खांदे उडवले. "देखिए मास्टरजी, मैंने तो पूरी कोशिश की." मग आम्हाला चहा विचारला.

तेव्हा माझा ताबा सुटला. मी त्याला म्हटलं, अम्माला ओळखू आली नाही म्हणून ही मूर्ती आकाशातून पडली का? पश्चिम भारत कुठल्या तालुक्यात येतो, ते तरी लिहा. तो म्हणाला, "मैडम, गाँव के नाम से मूर्ति की सुंदरता कम-ज़्यादा नहीं होती."

"मग तुमच्या खोलीच्या दारावरची तुमच्या नावाची पाटी काढा," मी म्हटलं. "त्याने तुमचं कामही कमी-जास्त होणार नाही."

तो लाल झाला. पण लाल झाल्याने पाटी बदलत नाही. आम्ही बाहेर आलो. पायरीवर अक्काने वहाणा घातल्या.

परतीच्या प्रवासात आबा बहिणीशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी भाकरी खाल्ली नाही, खिडकीकडे तोंड करून बसले. चहाचा कप मी तिच्यापुढे जवळजवळ आपटला. माझ्या मनात येत होतं, की या बाईला डोळे नव्हते, तर नाही म्हणायच्या आधी तसं सांगायचं. एका माणसाचं सगळं आयुष्य एका शब्दात बुडवलं. आणि वर निवांत मिश्री लावत बसलीय.

सकाळ झाली, बुऱ्हाणपूर मागे पडलं, केळीचे मळे दिसायला लागले. तेव्हा आबा खिडकीकडे बघतच म्हणाले, "अक्का. तुले खरंच वळखू नही उनी?"

"वळखू उनी," अक्का म्हणाली.

आबा गर्रकन वळले. मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मंग?"

अक्काने मिश्रीची डबी कनवटीला लावली आणि सावकाश सांगितलं, आपल्या बोलीत, समोरच्या बाकावरचा माणूस ऐकतोय याची पर्वा न करता.

"तिनी खोळ टाकी, तवय पहिले आम्ही बाया गयूत तठे. ती तशीच उभी व्हती. आंगवर काहीच नही. मी मनं लग्ननं लुगडं लयनू, तिले नेसाडं, पदर लीधा, मंग माणसंस्ले बलावं. तू फक्त तिनं तोंड दखेल शे, भाऊ. गावना कोन्हाच माणूसनी तिनं आंग दखेल नही. साहेब लई गया तवय बी लुगडं तिना आंगवरच व्हतं. मी त्याले हात जोडीसन सांगेल व्हतं, सोडू नका." ती थांबली. "आनि आते तिकीट काढीसन लोके दखतस तिले. बठ्ठा दखतस. तो रुमालवाला बी. अशी उभी करीसन वरतीन आपला गावनं नाव लिखू देऊ मी?"

आबांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं ते काय बोलणार होते, कारण हजार वेळा मी ते ऐकलं होतं. कपडे काय बघता, घडण बघा, रेषा बघा, दगडाला लाज नसते. शाळेत सहलीची पोरं अशा मूर्तीपुढे खिदळली की ते हेच बोलायचे आणि कान पिळायचे. त्यातलं ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं तिच्याकडे बघतोय."

एवढंच.

अक्कावरचा माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. आणि तिच्यामुळे त्या साहेबाचं काम सोपं झालं, हेही मला सोसवेना. तिला कुणी नीट विचारलंच नव्हतं. आपण नेसवलेलं लग्नाचं लुगडं कुठे आहे, असं ती विचारत होती तेव्हा त्याचं उत्तर देणं त्या इमारतीतल्या कुणाचं काम नव्हतं, आणि आबांनाही घाई झाली होती. नाव हवं असलेला एक माणूस आणि नाव न देणारा एक माणूस, आणि मध्ये त्या दोघी, अक्का आणि आई, आणि त्यांना काय हवं ते विचारायला कुणाला सवड नाही. मी त्यातच होते. पण मला राग आला तो त्या रुमालाचा, आणि आजही तोच आहे.

त्यानंतर आबा दिल्लीला गेले नाहीत. पाटीसाठी कुणाशी भांडलेही नाहीत. बाकी सगळ्यांशी भांडत राहिले, त्यात खंड पडला नाही.

पण गाडीतलं अजून एक राहिलं. भुसावळ गेलं, सामान आवरायला घेतलं, तेव्हा आबांनी अक्काला हळूच विचारलं. मास्तरांच्या आवाजात नाही, मोठ्यांच्या पायांतून पुढे घुसलेल्या त्या मुलाच्या आवाजात विचारलं.

"पन तोंड तेच व्हतं ना, अक्का?"

"तेच. कोठे जाई?" अक्का म्हणाली. "मी नही वळखं आसं सांगं त्यास्ले. पन तिनी माले लगेच वळखं, भाऊ. उनी का व पोरी, म्हने. आनि मी तुले घर लई जावाले नही उनू, हाई माले तिले सांगता उनं नही."

जळगाव आलं तेव्हा सगळं सामान मीच उतरवलं.